कृष्णेत स्वयंचलित बोट सोडायची तर आधी पहाटेची वेळ ठरवा

प्रश्न असा आहे. सांगलीतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला माणसाविना चालणारी बोट बनवायची आहे. समुद्रकिनाऱ्यालगत पाण्याचं प्रदूषण तपासायला अशा बोटी वापरतात. या गटाला ती आयर्विन पुलाच्या वरच्या अंगापासून हरिपूरच्या संगमापर्यंत कृष्णेत फिरवायची आहे. बोट कशी बांधावी, सेन्सर कोणते घ्यावेत आणि मिळालेले आकडे कुठे ग्राह्य धरतात, असं त्यांनी विचारलं आहे.

बोट बांधणं हा यातला सोपा भाग आहे, म्हणून तिथून सुरुवात करू नका. आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. बोट प्रदूषण मोजत नाही, तपासणीची बाटली कुठे आणि किती वाजता बुडवायची ते सांगते. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात ते, थेट मोजणारा सेन्सर नाही. ती चाचणी प्रयोगशाळेत २७ अंशांवर तीन दिवस ठेवून करतात. मैल्यातले कोलिफॉर्म जंतूही चालत्या बोटीवर मोजता येत नाहीत. बोटीवर खात्रीने मोजता येतं ते तापमान, विद्युतवाहकता, विरघळलेला ऑक्सिजन, पीएच आणि गढूळपणा. या पाचांवरून मैला कुठून आत येतो, कोणत्या काठाने जातो आणि किती लांब टिकतो हे नकाशावर उमटतं. बाटली भरायची ती त्या नकाशावर जागा पाहून.

किनाऱ्यावरची पद्धत नदीत जशीच्या तशी उचलता येत नाही. समुद्राच्या पाण्याची वाहकता सुमारे ५०,००० मायक्रोसिमेन्स असते. तिथे गटाराचं गोडं पाणी मिसळलं की वाहकता उतरते, म्हणजे प्रदूषणाचा पट्टा नकाशावर खड्ड्यासारखा दिसतो. कृष्णेची वाहकता काही शेकड्यांतच असते आणि शहरी मैलापाण्याची हजाराच्या आसपास. इथे तोच पट्टा उंचवट्यासारखा दिसतो. म्हणून नदीत वाहकता हा सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत वेगवान आणि भरवशाचा माग आहे. नाल्याच्या तोंडाशी ऑक्सिजनचा आकडा स्थिरावायला मिनिट घेतो, वाहकता एक-दोन सेकंदांत सांगते.

आता वेळ. सांगलीचा मैला कृष्णेत आणणाऱ्या शेरीनाल्यासारख्या नाल्याचं पाणी बंधाऱ्यामागच्या संथ, तुंबलेल्या पाण्यात येतं तेव्हा नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं. दिवसा ते ऑक्सिजन सोडतं, रात्री तोच पिऊन टाकतं. अशा हिरव्या पाण्यात दुपारी दोनला लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन सापडतो आणि त्याच जागी पहाटे पाचला तो ३ च्या खाली गेलेला असतो. मासे पहाटेच्या त्या तासांत गुदमरतात आणि सकाळी काठाला लागतात. कचेरीच्या वेळेत, अकरा ते चारमध्ये घेतलेला नमुना हे कधीच पकडत नाही. पहाटे चार ते सूर्योदय या वेळेत नमुना घ्यायला होडी घेऊन नदीत कोणी जात नाही, आणि या कामाला बोट हवी ती त्याच वेळेसाठी. आठवड्यातून एकदा भर दुपारी फिरवण्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा चोवीस तासांत चार फेऱ्या करा: पहाटे साडेचार, सकाळी दहा, दुपारी दोन आणि रात्री दहा. त्यातली पहाटेची फेरी कधीही चुकवू नका.

हंगामही तितकाच महत्त्वाचा. पावसाळ्यात पाणी लाल-गढूळ असतं, प्रवाहापुढे बोट टिकत नाही आणि मैला इतका पातळ होतो की काही दिसत नाही. कामाचे महिने नोव्हेंबर ते मे. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम याच काळात चालतो आणि नदीत पाणी कमी असतं. कोयनेतून पाणी सोडलं की ते सांगलीपर्यंत पोचून सगळं चित्र बदलतं, म्हणून प्रत्येक फेरीच्या नोंदीत आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी लिहिलीच पाहिजे. पुराच्या काळात जिच्या ४० फुटांच्या इशारा पातळीकडे आणि ४५ फुटांच्या धोका पातळीकडे सगळं गाव डोळे लावून बसतं, तीच मोजपट्टी इथे उन्हाळ्यात उपयोगी पडते.

बोट जोडनळ्यांची करा. १६० मिलिमीटर व्यासाचे, १.२ मीटर लांबीचे दोन पीव्हीसी पाइप घेतले तर एक पाइप २४ लिटर पाणी सारतो, दोन मिळून ४८. यातला निम्माच भार वापरायचा, म्हणजे बोट सामानासकट २४ किलोच्या आत हवी. दोन पाइपांत मधोमध ७० सेंटिमीटर अंतर ठेवा, वर ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीची चौकट. पाइपांची तोंडं नुसती टोपी चिकटवून बंद केली की पुढची गंमत ठरलेली: उन्हात आतली हवा तापून फुगते, सांध्यातून हळूहळू बाहेर पडते, मग बोट थंड पाण्यात उतरली की आत पोकळी होऊन तोच सांधा पाणी ओढतो. पाचसहा फेऱ्यांत बोट एका बाजूला कलते आणि गळती कुठे आहे ते सापडत नाही, कारण काठावर दाब देऊन तपासलं तर सांधा घट्टच वाटतो. पाइप थर्माकोलने किंवा फोमने ठासून भरा, म्हणजे पाणी शिरलं तरी बोट बुडत नाही. शिवाय प्रत्येक पाइपाच्या वरच्या बाजूला हवा खेळण्यासाठी स्क्रूचं झाकण ठेवा. ते उन्हात उघडं ठेवायचं, पाण्यात उतरवताना बंद करायचं.

दोन्ही बाजूंना पाण्याखालचा एकेक थ्रस्टर, म्हणजे बोट ढकलणारी पंख्याची मोटर, लावा आणि डाव्या-उजव्याच्या वेगातल्या फरकाने वळवा. सुकाणू लावू नका, त्यात केंदाळ अडकतं. १६ व्होल्टला साधारण ५ किलो जोर देणारे थ्रस्टर पुरेसे आहेत. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट, ४० अँपिअर-तास. हिशोब सरळ आहे: ५१२ वॉट-तास, त्यातले ८० टक्के धरले तर ४१०. सेकंदाला एक मीटर वेगाने अशी बोट थ्रस्टर आणि यंत्रणा मिळून १२० वॉटच्या आसपास खाते. म्हणजे साडेतीन तासांच्या आत-बाहेर, कागदावर बारा किलोमीटर. प्रत्यक्षात एक तृतीयांश बॅटरी परतीसाठी राखून आठ किलोमीटरचीच आखणी करा. आणि फेरी नेहमी प्रवाहाविरुद्ध सुरू करा. बोट मध्येच बंद पडली तर ती वाहत तुमच्याकडेच येईल. उलट केलंत तर हरिपूरच्या खाली शोधत फिरावं लागेल.

चालवण्यासाठी आर्डूपायलटचं रोव्हर फर्मवेअर, म्हणजे बोट आपोआप चालवणारा प्रोग्रॅम, वापरा. ते मोफत आहे आणि त्यात बोटीचा प्रकार निवडता येतो. होकायंत्र थ्रस्टरच्या वायरींपासून किमान अर्धा मीटर उंच, काठीवर लावा. मोटरचा करंट वाढला की होकायंत्र फिरतं आणि बोट सरळ रेषेऐवजी नागमोडी जाते. बहुतेक गट हा दोष महिनाभर प्रोग्रॅममध्ये शोधत बसतात. संपर्क तुटल्यावर काय करायचं, हे ठरवताना ‘थेट घरी परत’ हा पर्याय निवडू नका. बोट सरळ रेषेत परतते आणि सांगलीजवळ नदी वळणं घेते, मग ती घाटाच्या पायऱ्यांवर किंवा काठच्या बाभळीत जाऊन घुसते. आलेल्या वाटेनेच उलट परतण्याचा पर्याय त्याच फर्मवेअरमध्ये आहे, तो घ्या. ‘जागीच थांब’ हाही फसवा आहे. तिथे मोटर बंद होतात आणि प्रवाह बोट घेऊन जातो. पुलाखाली जीपीएस भरकटतं, म्हणून पुलाच्या अलीकडे-पलीकडे तीस मीटरच्या टप्प्यात वळणाचा बिंदू ठेवू नका. रेडिओ ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झमधला घ्या, तो आपल्याकडे परवान्याविना चालतो. ऑनलाइन सर्रास मिळणारे ९१५ मेगाहर्ट्‌झचे अमेरिकी संच आपल्याकडे परवानामुक्त नाहीत.

केंदाळ, निर्माल्याचे हार, दोरे आणि मासेमारीची नायलॉनची जाळी हे या नदीतले खरे शत्रू. थ्रस्टरवर बारीक जाळी बसवली की जोर घटतो आणि जाळीच चोंदते. त्याऐवजी पुढे तिरप्या उभ्या सळ्या लावा, म्हणजे देठ सळीवरून घसरून खाली निघून जातो. त्याच्या जोडीला एक छोटी स्क्रिप्ट ठेवा: करंट अचानक वाढला आणि वेग पडला, तर दोन सेकंद उलटं फिरव, थांब, पुन्हा पुढे. तीन वेळा करूनही सुटलं नाही तर मोटर बंद करून कळव. ज्या भागात केंदाळाचं सलग आच्छादन आहे तिथे पाण्यातला पंखा चालतच नाही. तिथे हवेतला पंखा लावलेली सपाट बोट लागते किंवा पुलावरून दोरीने सोंड, म्हणजे सगळे सेन्सर एकत्र बसवलेली नळी, सोडावी लागते.

मगरींबद्दल स्पष्ट सांगतो. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या पात्रात मगरी आहेत आणि हिवाळ्यात त्या काठावर ऊन खात पडलेल्या असतात. अडकलेली बोट काढायला गुडघाभर पाण्यातही कोणी उतरू नये, पहाटे तर अजिबात नाही. बोटीच्या पुढच्या टोकाला तरंगती दोरी बांधून ठेवा, काठावरून आकडी लावलेल्या लांब वेळूने ती ओढा. बोटीवर पांढरा लुकलुकता दिवा आणि केशरी झेंडा असू द्या. होडीवाले, कोळी आणि शर्यतीच्या होड्यांचा सराव करणारे पहाटे पाण्यात असतात, त्यांना धुक्यात ती दिसली पाहिजे.

सेन्सर बोटीच्या मागे नको, पुढे हवेत. मागे थ्रस्टरचे बुडबुडे गढूळपणा वाढवून दाखवतात. दोन पाइपांच्या मध्ये, पुढच्या तृतीयांशात, भोकं पाडलेल्या काळ्या पाइपात सोंड उभी ठेवा, तोंड पाण्याखाली ३० सेंटिमीटर. काळा पाइप यासाठी की थेट ऊन गढूळपणाच्या सेन्सरवर पडू नये. जमलं तर ऑक्सिजनचा दुसरा सेन्सर अडीच मीटर केबलने खाली सोडा. मे महिन्यात तुंबलेल्या पाण्याचे थर पडतात. वर ७ आणि तळाशी १, असं चित्र निघतं आणि वरच्या एकट्या सेन्सरला त्याचा पत्ता नसतो.

ऑक्सिजनचा सेन्सर प्रकाशीय घ्या. पडद्याचा जुना सेन्सर प्रवाहावर आणि ढवळण्यावर अवलंबून असतो, चालत्या-थांबत्या बोटीवर तो खोटं बोलतो. प्रकाशीय सेन्सरला ९० टक्के बदल दाखवायला तीस ते साठ सेकंद लागतात. सेकंदाला एक मीटर वेगाने बोट तोवर साठ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे नाल्याचं तोंड नकाशावर साठ मीटर सरकतं. नाल्याजवळ वेग निम्मा करा आणि तीच रेषा उलट दिशेनेही फिरा. दोन्ही वेळच्या खड्ड्यांच्या मधोमध खरी जागा असते.

कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे सेन्सरचं माप जुळवताना, सगळ्यांत मोठी चूक हवेच्या दाबाची होते. समुद्रसपाटीला ३० अंशांच्या गोड्या पाण्यात पूर्ण संपृक्त ऑक्सिजन ७.५६ मिलिग्रॅम असतो. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. इथला खरा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या जवळपास, म्हणून इथे पूर्ण संपृक्तता ७.१ च्या आतच येते. मोबाइलवरचं हवामानाचं ॲप मात्र १०१० दाखवतं, कारण ते समुद्रसपाटीला बदलून दिलेला आकडा सांगतं. तो यंत्रात भरला की प्रत्येक मोजणी सहा-सात टक्के फुगते, आणि ४.७ चं पाणी ५.० दिसतं. आंघोळीच्या पाण्याचा निकष किमान ५ मिलिग्रॅमचा आहे. म्हणजे नापास पाणी एका चुकीच्या आकड्याने पास. दाब स्वतःच्या बॅरोमीटरवर मोजा, एक छोटी चिप ते काम करते. साताऱ्यात माहुलीला मोजायला गेलात तर तिथली उंची आणखी जास्त आहे, दाब पुन्हा भरा.

कृती अशी. बादलीभर पाण्यात मत्स्यालयाचा हवेचा पंप अर्धा तास चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा, मग त्यात शंभर टक्क्यांची खूण करा. शून्यासाठी पाच टक्क्यांचं ताजं सोडियम सल्फाइटचं द्रावण. पीएचसाठी ७ आणि १० चे बफर (ठरलेल्या पीएचची द्रावणं), ४ चा नाही, कारण शेवाळी पाणी ९ पर्यंत जातं. वाहकतेसाठी १४१३ मायक्रोसिमेन्सचं प्रमाण द्रावण. महिन्यातून एकदा तरी ३०० मिलिलिटरच्या बाटलीत विंकलर पद्धतीने, म्हणजे रसायनांनी ऑक्सिजन मोजून, पडताळा घ्या. ॲझाइडचं क्षारीय आयोडाइडच वापरायचं, नाहीतर मैल्यातलं नायट्राइट निकाल बिघडवतं. २०० मिलिलिटर नमुन्याला ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट वापरलं तर जितके मिलिलिटर लागतील तितके मिलिग्रॅम. फरक ०.३ च्या वर गेला तर त्या दिवसाचे सेन्सरचे आकडे बाजूला ठेवा.

अमोनियाच्या आयन-निवडक सेन्सरचा मोह सगळ्यांना होतो. माझं मत: इथे घेऊ नका. त्याला पोटॅशियम आणि अमोनियम नीट वेगळे ओळखता येत नाहीत. पोटॅशियमचा साधारण दहावा हिस्सा तो अमोनियम म्हणून मोजतो. मळीपासून मद्यार्क करताना उरणाऱ्या सांडपाण्यात, ज्याला स्पेंटवॉश म्हणतात, पोटॅशियम लिटरला काही हजार मिलिग्रॅम असतं. म्हणजे ज्या प्रदूषणाचा शोध घ्यायचा तेच सेन्सरला फसवतं आणि कारखान्याचं पाणी शहराच्या मैल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा अमोनिया बाटलीतून प्रयोगशाळेत मोजा आणि त्याच जागचे पीएच-तापमान लिहून ठेवा. २५ अंशांवर पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा अर्धा टक्का विषारी मुक्त रूपात असतो, पीएच ८ ला पाच टक्के आणि ९ ला छत्तीस. दुपारी शेवाळाने पीएच चढवला की तोच अमोनिया माशांच्या जिवावर उठतो.

फेरीची आखणी काठाला समांतर नको. नदीला तिरप्या, नागमोडी रेषा मारा, दोन वळणांत पन्नास मीटर. नाल्याच्या खाली पहिल्या पाचशे मीटरमध्ये वीस मीटर. काठावरून आलेलं पाणी लगेच मिसळतं हा मोठा गैरसमज आहे. शंभर मीटर रुंद, तीन मीटर खोल आणि सेकंदाला ०.३ मीटर वाहणाऱ्या पात्रात काठाचा पट्टा पूर्ण रुंदीभर पसरायला वीस किलोमीटरच्या घरात अंतर लागतं. म्हणूनच मध्यधारेतून किंवा समोरच्या काठावरून घेतलेला एक नमुना नदीला स्वच्छ ठरवतो आणि नाल्याकडच्या काठावरच्या गावाला मात्र घाण पाणी मिळतं. पिण्याचं पाणी उचलणाऱ्या जॅकवेलच्या वर-खाली तर दोन्ही काठ आणि मध्य अशा तिन्ही जागा वेगळ्या मोजल्याच पाहिजेत.

बोटीवर बाटल्या भरणारा पेरिस्टाल्टिक पंप, म्हणजे नळी दाबत पाणी पुढे ढकलणारा पंप, बसवता येतो. सहा मिलिमीटर व्यासाच्या दोन मीटर नळीत ५७ मिलिलिटर पाणी राहतं. तिप्पट, म्हणजे १७० मिलिलिटर वाहू द्या, मगच बाटली भरा. ही बाटली बीओडी, सीओडी (रसायनाने मोजलेली ऑक्सिजनची गरज), नायट्रेट, फॉस्फेटला चालते. विंकलरला चालत नाही, पंपाने हवा मिसळते. कोलिफॉर्मलाही नाही, कारण नळी एका जागचे जंतू दुसरीकडे नेते. ते नमुने निर्जंतुक बाटलीत, होडीतून किंवा पुलावरून हातानेच. बर्फात ४ अंशांवर, अंधारात ठेवा आणि जंतूंचा नमुना सहा तासांत प्रयोगशाळेत पोचवा.

आकडे ग्राह्य धरण्याबद्दल. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात, कलम २१ मध्ये, सांडपाण्याचा नमुना कायदेशीर पुराव्यासाठी कसा घ्यायचा ते ठरवलेलं आहे. संबंधिताला सूचना, नमुन्याचे भाग, मोहोर, सह्या असं सगळं त्यात येतं, आणि तो अधिकार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने नेमलेल्या माणसाचा. तुमच्या बोटीचा आलेख न्यायालयात थेट पुरावा होणार नाही. पण ‘या काठाला, या बिंदूवर, पहाटे चार ते सहा या वेळेत’ असं नेमकं लिहून मंडळाच्या सांगली कार्यालयाला दिलं, तर त्यांना त्या जागी त्या वेळी येऊन नमुना घेता येतो. मोघम तक्रारीवर ते घडत नाही. बोट सोडण्यापूर्वी पाटबंधारे खातं आणि महापालिका यांना लेखी कळवा, पोलिस ठाण्यालाही. हवेतल्या ड्रोनचे २०२१ चे नियम पाण्यावरच्या बोटीला लागू होत नाहीत, पण पहाटे पुलाखाली लुकलुकणारी वस्तू पाहून कोणी तक्रार केली तर हातात कागद असावा.

फेरी संपली की काम संपत नाही. सोंड गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच पुन्हा त्याच बादलीतल्या हवा मिसळलेल्या पाण्यात व १४१३ च्या द्रावणात बुडवून आकडे लिहा. ऑक्सिजन सेन्सरच्या टोपीवर तीन-चार फेऱ्यांत बुळबुळीत थर चढतो आणि तो स्वतःच ऑक्सिजन पितो, म्हणून मऊ ब्रशने साफ करण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे हवेत. हे दोन आकडे, दाब, पाणीपातळी आणि निघण्याची वेळ ज्या फेरीच्या नोंदीत नाहीत, ती फेरी अहवालात घेऊ नका.